जोड न मिळालेली पोरं

कोल्हापुरात पालक भेटले की एक वाक्य हमखास कानावर येतं : "डोकं लई हाय वो सर, पर वापरत न्हाई." आवाजात तक्रार निम्मी, अभिमान निम्मा. पोरगं शेजारीच उभं असतं आणि समोरच्या गॅरेजात खोललेल्या इंजिनाकडं बघत असतं. या वाक्याचा पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. दुसरा मला पटत नाही. डोकं दिवसभर चालूच असतं, शाळेच्या कामाला लागलेलं नसतं एवढंच. ते का लागत नाही, यावर वेळोवेळी खरडलेलं हे.

*

आठवीतल्या एका पोराची गणिताची वही. पुढून उघडली तर पाच-सहा पानं लिहिलेली, तीही अर्धवट. मागून उघडली तर केएमटीचे, म्हणजे शहर बसचे, मार्ग. गंगावेस, बिंदू चौक, एसटी स्टँड; निळ्या शाईच्या रेघा आणि दोन मार्ग छेदतात तिथं गोल. खाली हिशेब : दर दहा मिनिटांनी एक गाडी सोडायची तर एका मार्गावर गाड्या किती लागतील, एखादी बंद पडली तर कुठली वळवायची. हा हिशेब त्याला कुणी घातला नव्हता. भागाकार, लसावि, वेळ-वेग-अंतर, सगळं त्यात आलेलं. चाचणीत त्याला वीसपैकी नऊ पडले होते आणि त्या मागच्या पानावर लाल शाईत शेरा होता, 'वहीत रेघोट्या मारू नयेत.'

नऊच का, तेही बघितलं. उत्तरं बहुतेक बरोबर, पायऱ्या नाहीत. चार गुणांच्या गणिताला नुसतं उत्तर, म्हणून एक गुण. विचारलं तर म्हणाला, "दिसतंय की उत्तर. मधलं काय लिवायचं?"

तपासणाऱ्याची बाजूही आहे. साठ वह्यांच्या गठ्ठ्यात कुणी डोक्यात केलं आणि कुणी शेजाऱ्याचं बघून उतरवलं, हे कसं कळावं? शिवाय पुढं गणित डोक्यात मावेनासं झालं की पायऱ्या लागतातच. पण पायरी कशाला हवी हे उमगायला पायरीशिवाय न सुटणारं गणित आधी पुढ्यात यावं लागतं. त्याच्या पुढ्यात ते आठवीपर्यंत एकदाही आलं नव्हतं.

*

तालमीत वस्ताद सगळ्यात आधी जोड बघतो. गंगावेस असो की मोतीबाग, नवं पोरगं मातीत उतरलं की दोन-चार दिवसांत त्याला अंदाज येतो. बरोबरीच्या पोरांना ते सहज पाडायला लागलं की त्यांच्याशी खेळणं बंद, वरच्या पोरांत ढकलायचं. तिथं ते रोज चितपट होतं. पाठीला माती लागते, उठतं, पुन्हा हात मिळवतं. त्याला कुणी नापास म्हणत नाही. वर्षभर हलक्या जोडीशी खेळलेला गडी खासबागेत उतरवला तर काय होईल, हे या गावात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान १९१२ साली बांधलं. शंभर वर्षं उलटून गेली, गाव हे जाणून आहे.

शाळा जोड लावते ती जन्मतारखेवरून.

*

लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अतिशय तल्लख मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांचं पुस्तक १९४२ साली, त्यांच्या निधनानंतर निघालं. त्यात त्यांचा एक अंदाज आहे : ज्याचा बुद्ध्यंक १४० आहे, त्याचा साध्या प्राथमिक शाळेतला निम्मा वेळ वाया जातो, १७०च्या वर असेल तर जवळजवळ सगळाच.

वेळ गेला याचं मला फारसं काही वाटत नाही. पोरं वेळ घालवतातच. पण त्या वेळात मूल एक गोष्ट पक्की शिकून बसतं : कळायचं असेल तर एकदा ऐकून कळतं. सात-आठ वर्षं हाच अनुभव. मग नववीत भूमितीचं प्रमेय येतं, अकरावीत भौतिकशास्त्र येतं आणि पहिल्यांदाच एकदा वाचून काही कळत नाही. वर्गातल्या मध्यम पोराला यात नवल वाटत नाही. त्याला कुठलीच गोष्ट एकदा वाचून कळलेली नसते, तो दुसऱ्यांदा वाचतो. हुशार पोराला वाटतं, आपलं डोकं संपलं. घरी सांगायची सोय नसते. मग 'मला इंटरेस्ट नाही' असं जाहीर होतं, कारण जमत नाही म्हणण्यापेक्षा आवडत नाही म्हणणं बरं.

अकरावीला शहरात आलेली, दहावीला गावात पहिली आलेली किती पोरं या खड्ड्यात पडतात! मोबाइल बिचारा उगाच बदनाम होतो. तो नंतर येतो.

*

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की चौकाचौकात डिजिटल फलक. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, गावाकडं एसटीचा थांबा. वर नेत्यांचे फोटो, मध्ये दहा वर्षांचं पोरगं, केस चापून बसवलेले, खाली 'गावाची शान'. फलक पावसापर्यंत टिकतो. त्याचा भार पोराच्या डोक्यावर चार-पाच वर्षं राहतो.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच वयाच्या मुलांवरचे आहेत. आधी मुलांना जमतील अशी कोडी दिली. मग काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. फरक एवढ्या एका वाक्याचा. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच आपटली. तिसऱ्या खेपेला पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांचे गुण पहिल्यापेक्षा वाढले. 'हुशार' म्हटलेल्यांचे पहिल्यापेक्षाही घटले. वर आणखी एक. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवा, नाव घालू नका, असं सांगितलं, तर हुशार म्हटलेल्या गटातल्या जवळजवळ ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. कुणी ओळखणार नव्हतं, तरीही.

एका वाक्यानं हे होत असेल, तर आठ बाय दहाच्या फलकाचं काय?

*

शिष्यवृत्ती परीक्षेवर मात्र सरसकट टीका करवत नाही. भुदरगड, राधानगरी, कागलकडचे जिल्हा परिषदेचे शिक्षक सकाळी आठपासून, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा जादा तास घेतात, पदरमोड करून सराव पेपर छापतात. ज्या घरात पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक, त्या घरातल्या पोराला या परीक्षेनं बाहेर काढलं आहे.

पण तिची घडण बघा. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. 'बुद्धिमत्ता चाचणी' म्हणून जो भाग असतो, त्यातल्या मालिका, आरशातल्या आकृत्या, नातेसंबंधांची कोडी यांचा सराव महिनोन्महिने करून घेतात. बुद्धिमत्तेचा सराव! एखाद्या प्रश्नाशी अर्धा तास झटणारं, 'पण हे असंच का?' म्हणून अडून बसणारं पोर या चाळणीतून खाली पडतं. मागच्या पानावर केएमटी चालवणारा आपला गडी पाचवीत शिष्यवृत्तीला बसला होता. पेपर पुरा झाला नाही. एका आकृतीत त्याला छापलेल्या पर्यायांपेक्षा वेगळं उत्तर सापडलं होतं, त्यावर तो घुटमळत राहिला.

ही परीक्षा आधी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली, आता पुन्हा चौथी-सातवीकडं न्यायचं ठरलंय. इयत्ता हलते, ७२ सेकंद हलत नाहीत.

*

चाळणीचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मनने १९२१ पासून कॅलिफोर्नियात बुद्धिमत्ता चाचणी लावून बुद्धिमान मुलं हुडकली, दीड हजारांवर. त्या मुलांची सगळी हयात नोंदवली गेली. नोबेल त्यांच्यापैकी कुणालाच मिळालं नाही. चाचणीत कमी भरली म्हणून जी मुलं घेतली नव्हती, त्यातल्या दोघांना मिळालं : विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ.

*

आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता, हे पालकसभेत सांगणाऱ्याला चहा देऊ नये. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत त्याचं कलनशास्त्र झालं होतं. सोळाव्या वर्षी झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो अडला तो इतर विषयांत.

*

आपल्याकडचं नापासाचं उदाहरण घरचंच आहे. कुंभोजचे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढचे कर्मवीर, जन्म १८८७. शिकायला कोल्हापुरात, राजाराम हायस्कूल, मुक्काम जैन बोर्डिंगात. दांडगे, पोहणारे, कुस्ती खेळणारे, अन्याय दिसला की हुज्जत घालणारे. अभ्यासात रखडले. त्यांनी पुढं काढलेल्या रयत संस्थेच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या सांगतात ती गोष्ट अशी : पोराला वरच्या वर्गात घाला म्हणून खुद्द शाहू महाराजांकडून शब्द गेला, गणिताचे मास्तर म्हणाले, भाऊराव बसतो तो बाक हवा तर वर घालतो, त्याला घालणार नाही. गोष्ट सांगताना मास्तरांच्या बाणेदारपणाला दाद असते, आणि ती असावीच.

बोर्डिंगातून त्यांना काढलं ते अभ्यासावरून नव्हे. अस्पृश्य मुलांसाठी महाराजांनी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह काढलं, त्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर 'शुद्धीची' आंघोळ करायला नाही म्हणाले. शाळेचं प्रगतिपुस्तक काढलं तर हा मुलगा गणितात कच्चा. त्याच काळात तो जे शिकत होता, त्याला रकाना नव्हता.

सहावी इंग्रजीच्या पुढं ते गेले नाहीत. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. आज तिच्या चारशेवर शाळा आहेत. 'कमवा आणि शिका' ही त्यांची कल्पना वर्गात पहिल्या आलेल्याला सुचली असती का, याची मला शंका आहे. अर्थात गणितात नापास झालेला प्रत्येक जण कर्मवीर होत नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर कुणीतरी हेच पान दाखवून गृहपाठ टाळेल.

*

जुन्या कोल्हापुरात शाळेशेजारी दुसरी दारं होती. तालीम, नाटक कंपनी, मिस्त्रीखाना, पेंटरची खोली. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, यांचं शाळेशी फारसं जमलं नाही. पण घरात सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकला आणि जोडीला आनंदरावांसारखा भाऊ. दोघांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला; टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यांच्या हाताखाली शांताराम वणकुद्रे नावाचा जेमतेम शिकलेला पोरगा उमेदवारीला लागला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि मंडळींनी १९२९ साली इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली.

या माणसांना शाळेत गुण किती पडले असते? पण त्यांना जोड मिळाली. बाबूरावांच्या खोलीत वय विचारत नव्हते, येतं काय ते विचारत होते. आणि बिघडलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं असायचं, त्याचा निकाल लागत नसे.

आज उद्यमनगरातल्या कारखान्यात हाताला चपळ पोरगं दिसलं तर मालकच म्हणतो, शाळा बुडवू नको बाबा. बरोबरच म्हणतो. पण सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवलं, आणि तेही नीट-जेईईच्या मापाचं, हे आपण केलं आहे. जुन्या दारांचे गोडवे मी जास्त गाणार नाही. त्यातून पोरी आत येत नव्हत्या. आणि ज्यांना दार सापडलं त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत.

*

पोरींचं मागं पडणं तर दिसतसुद्धा नाही. पोरगा ५५ वर आला की घरात बैठक बसते. पोरगी ८५ वर असते, ९८ची कुवत असताना, आणि सगळे खूश. एक पोरगी वर्गात हात वर करायची थांबली. का, तर "मीच सारखी बोलते म्हणून बाई म्हणाल्या, दुसऱ्यांना पण सांगू दे." बाईंचं म्हणणं रास्त होतं. पण त्या 'दुसऱ्यांना' सांगू देण्याच्या वेळात हिनं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. तिनं पेन्सिलीला टोक काढलं. वर्षभर काढलं.

तिला सगळे समजूतदार म्हणायचे.

*

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एका फडात नऊ-दहा वर्षांचा पोरगा बापाच्या वजनाच्या पावत्या सांभाळत होता. आजच्या गाडीला किती टन, दर काय, उचलीतले किती फिटले, किती राहिले, सगळं तोंडपाठ. मुकादमाचा हिशेब एकदा चुकला तो यानं दाखवला. मुकादम हसला आणि दुरुस्त केला. गावच्या शाळेच्या हजेरीपत्रकात या पोराच्या नावापुढं दिवाळीपासून फुल्या. अशा मुलांसाठी साखरशाळा आहेत, सगळीकडं नाहीत. मार्चमध्ये परत गेल्यावर त्याला परीक्षेत विचारतील : एका टोपलीत इतके आंबे, तर बारा टोपल्यांत किती?

हा पोरगा 'प्रज्ञावंत मागे का पडतात' या कुठल्याच चर्चेत नसतो. मागे पडण्यासाठी आधी पटावर दिसावं लागतं.

*

वाचायला अडखळणारी हुशार पोरं हा वेगळाच फास. खासबागेतली अख्खी कुस्ती डाव-प्रतिडावांसह सांगेल, लिहायला बसवलं की चार ओळींत दहा चुका. डोकं चांगलं असल्यामुळं ते पोर तिसरी-चौथीपर्यंत पाठांतरावर निभावून नेतं, म्हणून अडचण कुणाला दिसत नाही. अडचणीमुळं त्याची हुशारी दिसत नाही. दोन्ही एकमेकांना झाकतात आणि वर दिसतो तो आळशी मुलगा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाला जादा वेळ, लेखनिक मिळतो. पण दहावीपर्यंत पोरानं स्वतःबद्दलचं मत करून टाकलेलं असतं.

*

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. घरात वडील गणिताचे प्राध्यापक, आणि शिकायला येऊन राहिलेला मोरूमामा, इथल्या हुजूरबाजारांपैकी. भिंतीवर फळा होता. मामा त्यावर एक गणित लिहून ठेवायचा, जयंतला आव्हान म्हणून. सुटेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसायचं नाही. गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही.

नारळीकर शाळेत मागे पडले नाहीत. कसे पडतील? हरायची सोय घरातच होती.

मोरूमामा प्रत्येकाच्या घरी नसतो. फळा मात्र काळ्या रंगाच्या एका डब्यात होतो.

*

कागलला नवोदय विद्यालय आहे. सहावीला ८० जागा, अख्ख्या जिल्ह्याला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते. उत्तमच. पण एक्याऐंशीवा नंबर परत आपल्या गावच्या शाळेत, त्याच बाकावर येऊन बसतो. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक पुढं शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण आपल्याला साधत नाही, असं त्यांनी नंतर पुस्तक लिहून सांगितलं. एक्याऐंशीवा या त्रिकोणाच्या नेमक्या मध्यभागी सापडतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी वेगळे परिच्छेद आहेत. बी.एड.मध्ये प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा खास अभ्यास ठेवता येईल, असंही आहे. ठेवता येईल.

*

लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. नंबर, स्पर्धा यांना फाटा. शिकणं परिसरातून, अनुभवातून. त्या २०२० साली गेल्या. तिथली मुलं पुढं टिकतील का, ही शंका गाव तेव्हाही काढत होतं, आजही काढतं. मला तिथली एकच गोष्ट इथं नोंदवायची आहे : मुलाचा प्रश्न हा वर्गाच्या कामातला अडथळा न मानता वर्गाचं कामच मानलं, की हुशार पोराला गप्प बसवायची गरज उरत नाही. यासाठी इमारत लागत नाही. साठ पोरांचा वर्ग मात्र चालत नाही.

*

शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-तिसरी, दुसऱ्या खोलीत दुसरी-चौथी. एक गुरुजी रजेवर असले की चारही एकत्र. शहरातले लोक हे ऐकून हळहळतात. पण तल्लख पोरासाठी याहून चांगली सोय मी पाहिली नाही. दुसरीचं काम दहा मिनिटांत आटोपून ते कान चौथीकडं लावतं. आपोआप वरच्या जोडीत. आता वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा करायची भाषा चालू आहे. त्यात गाडी येईल, प्रयोगशाळा येईल, आणि दुसरी वेगळ्या खोलीत जाईल.

अशाच एका शाळेत गुरुजी चौथीला भागाकार शिकवत होते. फळ्यापाशी उभ्या पोराला बाकी सांगता येईना. मागून दुसरीतल्या रांगेतून आवाज आला, "तीन." गुरुजींनी वळून बघितलं. "कुणी सांगितलं तुला?" "तुमीच की. काल." गुरुजींनी तिला अजून एक घातलं, तेही सुटलं. मग जरा मोठं घातलं, तिथं ती अडली. "उद्या सांगतो," म्हणाली. गुरुजींनी तिला तिथंच चौथीच्या रांगेत बसवलं, आजही ती तिथंच बसते. पटावर नाव दुसरीत. केंद्रप्रमुख यायचे असले की दप्तर उचलून आपल्या रांगेत जाऊन बसते.